ऑक्सफर्डचा सुतार आणि हसणारे गाव

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लंडनच्या पश्चिमेकडील उपनगरांत राहणारी आमची आठ-दहा कुटुंबे एकत्र जमतात. बुद्धवंदना होते, जेवणे होतात आणि मग मुले आपापल्या शाळेत काय चालले आहे ते सांगतात. गेल्या हिवाळ्यातील अशाच एका रविवारी, बारावीच्या वयाच्या एका मुलीने तिला अभ्यासाला लागलेली जेफ्री चॉसरची एक कथा सांगितली. कथा सहाशे वर्षांहून जुनी. पण तिने ती अशी रंगवली की वडीलधारी माणसेही पोट धरून हसली. आम्हीही हसलो. सगळ्यांचे हसून झाल्यावर तिने विचारले, "पण काका, त्या सुताराने नेमके काय वाईट केले होते?"

आम्ही एक ठरावीक उत्तर दिले. म्हाताऱ्याने कोवळ्या मुलीशी लग्न केले, त्याची फळे त्याने भोगली. विनोदी कथेत असेच घडते. तिने मान डोलावली, पण तिचे समाधान झालेले नाही हे दिसत होते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. घरी आल्यावर आम्ही ती कथा आधुनिक इंग्रजीत वाचली, नंतर शब्दकोश हाताशी घेऊन मूळ इंग्रजीतही वाचली. पुढील चार महिने ती मनातून गेली नाही. त्या मुलीला जे उत्तर द्यायला हवे होते ते येथे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम कथेची पार्श्वभूमी. 'कँटरबरी टेल्स' हा चॉसरचा ग्रंथ साधारण 1387 पासून त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1400 पर्यंत, लिहिला जात होता आणि तो अपुराच राहिला. लंडनच्या दक्षिणेस सदर्क येथील टॅबर्ड नावाच्या सराईत तीसेक यात्रेकरू जमतात. कँटरबरीच्या वाटेवर प्रत्येकाने गोष्टी सांगायच्या असे ठरते. सराईचा मालक हॅरी बेली सूत्रधार होतो. पहिली गोष्ट सरदाराची. ती राजेरजवाड्यांची, दोन उमरावांच्या प्रेमाची, दीर्घ आणि भारदस्त. मानाच्या क्रमाने दुसरा क्रमांक मठातील भिक्षूचा, असे हॅरी बेली सुचवतो. तोच दारूने झिंगलेला चक्कीवाला मध्ये घुसतो आणि म्हणतो की आता माझी गोष्ट, नाहीतर मी चाललो माझ्या वाटेने.

हा चक्कीवाला कसा आहे? दांडगा, फावड्यासारख्या रुंद तांबड्या दाढीचा, नाकावर केसाळ चामखीळ असलेला, भट्टीसारख्या तोंडाचा. डोक्याच्या धडकेने दार फोडणारा आणि दळणातले धान्य चोरण्यात पटाईत. चॉसरने त्याला माणसापेक्षा जनावराच्या जवळ नेऊन ठेवले आहे. श्रमकऱ्याचे असे वर्णन आपल्याला नवे नाही. आपल्याकडील जुन्या कथांतही राबणारा माणूस आधी शरीर असतो, मग वास असतो आणि उरलाच तर माणूस असतो. तथापि याच ओंगळ चक्कीवाल्याच्या हातून चॉसर सरदार आणि भिक्षू ही उतरंड मोडून घेतो, हेही नोंदवले पाहिजे. एका श्वासात अवहेलना आणि दुसऱ्या श्वासात मुभा, ही चॉसरची रीत संपूर्ण कथेत आहे.

कथा अशी. ऑक्सफर्डमध्ये जॉन नावाचा एक सुखवस्तू सुतार आहे. त्याची बायको ॲलिसन अठरा वर्षांची; तो तिच्यापेक्षा पुष्कळ मोठा. घरात निकोलस नावाचा विद्यार्थी भाडेकरू म्हणून राहतो. निकोलस हा 'क्लार्क' आहे. हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांसमोर कारकून येतो, पण त्या काळी त्याचा अर्थ लॅटिन शिकलेला, चर्चच्या विद्येत दीक्षित झालेला मनुष्य असा होता. ॲलिसनचे मन निकोलसकडे वळते. नवऱ्याला एका रात्रीपुरते बाजूला करण्यासाठी निकोलस एक युक्ती योजतो. ज्योतिषाच्या बळावर आपल्याला कळले आहे की येत्या सोमवारी रात्री नोहाच्या वेळेपेक्षा दुप्पट मोठा प्रलय येणार, असे तो सुताराला सांगतो. उपाय एकच : तीन मोठ्या काथवटी आणि पिंपे आढ्याला टांगायची, तिघांनी तिघांत बसायचे आणि पाणी चढले की कुऱ्हाडीने दोर तोडून तरंगत बाहेर पडायचे. सुतार विश्वास ठेवतो. तो वर टांगलेल्या पिंपात झोपी जातो आणि ती दोघे खाली उतरतात.

तिकडे ॲब्सलन नावाचा चर्चचा एक सेवक ॲलिसनच्या मागे लागलेला असतो. तो रात्री खिडकीशी येतो आणि अंधारात त्याची भलतीच फजिती होते. तो प्रसंग या कौटुंबिक नियतकालिकात विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी मूळ कथा वाचावी, आणि शक्यतो मुले झोपल्यावर. सूड घेण्यासाठी ॲब्सलन लोहाराकडून नांगराचे तापलेले पाते आणतो, पण चटका बसतो निकोलसला. तो कळवळून पाणी, पाणी असे ओरडतो. वर झोपलेला सुतार ते ऐकतो, प्रलय आला असे समजून दोर तोडतो आणि खाली कोसळतो. त्याचा हात मोडतो. शेजारी धावत येतात आणि सारे हसतात.

अशा कथांना फ्रेंचमध्ये 'फॅब्लियो' म्हणतात. बाराव्या ते चौदाव्या शतकांतील सुमारे दीडशे फॅब्लियो आज उपलब्ध आहेत. त्यांतील पात्रे ठरलेली असतात. म्हातारा मत्सरी नवरा, तरुण बायको, धूर्त विद्यार्थी, लंपट धर्मसेवक. साच्यातील पात्राला मन असण्याची गरज नसते; तो सोंगटीसारखा पटावर पुढे सरकतो आणि शेवटी मार खातो. चॉसरनेही साचा तोच घेतला. मात्र एका पात्राच्या बाबतीत तो साचा त्याने आतून फोडला आहे, आणि आमच्या मते ते पात्र सुताराचे आहे.

आधी ॲलिसनकडे पाहू, कारण वर्णनाचा सर्वांत मोठा खर्च तिच्यावर झाला आहे. तिचे अंग मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका चपळ प्राण्याप्रमाणे सडपातळ. तिचे गाणे कोठाराच्या छपरावरील पाकोळीसारखे. ती वासरासारखी बागडते. तिच्या तोंडाचा गोडवा साठवलेल्या सफरचंदांसारखा. तिच्या कांतीची झळाळी टांकसाळीतून नुकत्याच निघालेल्या सोन्याच्या नाण्यासारखी. पहिल्या वाचनात हे सारे मोहक वाटते. दुसऱ्या वाचनात ध्यानात येते की हा गोठा, कोठार आणि बाजार यांतील मालाचा हिशेब आहे. हिशेबाच्या तळाशी किंमतही लिहिलेली आहे : ही बाई कुणा उमरावाच्या शय्येला शोभेल, नाहीतर एखाद्या साध्या इभ्रतदार माणसाची बायको म्हणून चालेल. उमरावाला ती एका रात्रीपुरती आणि सामान्याला लग्नाची. कष्टकरी घरातील बाईच्या देहावर वरच्या वर्गाचा आधीच हक्क आहे, ही गोष्ट येथे थट्टेच्या ओघात, कुणाच्या लक्षातही न येता, सांगून टाकली जाते. आपल्या आज्या-पणज्यांनी हे गाणी-तमाशांच्या फडांत पुष्कळ ऐकले आहे. कथेच्या शेवटी तिघाही पुरुषांना इजा वा फजिती होते. ॲलिसनला काहीच होत नाही. काही टीकाकारांना यात तिचा विजय दिसतो. असेलही. पण वर्णनात जिला आधीच बाजारात उभे केले, तिला आणखी कसली शिक्षा द्यायची, असेही आमच्या मनात येते.

ॲब्सलनवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. पंख्यासारखे पसरलेले सोनेरी कुरळे केस, चर्चच्या खिडकीची नक्षी कोरलेले जोडे, तोंडाला वास येऊ नये म्हणून चघळलेले मसाल्याचे दाणे. तो न्हावीकाम करतो, फासण्या मारून रक्त काढतो, जमिनीचे दस्त लिहितो आणि नाटकात राजाचे काम करतो. असा हौशी मनुष्य प्रत्येक मंडळात एक असतो. आमच्यातही आहे, आणि हे वाचून तो रागावणार नाही अशी आशा आहे.

निकोलस मात्र आम्हा संगणक-अभियंत्यांना ओळखीचा वाटला. त्याच्या खोलीतील पलंगाच्या उशाशी टॉलेमीचा खगोलशास्त्रावरील ग्रंथ आहे, ॲस्ट्रोलेब हे ग्रहतारे मोजण्याचे यंत्र आहे आणि हिशेबाचे खडे आहेत. त्या खड्यांसाठी चॉसर जो शब्द वापरतो तो 'ऑग्रिम' असा आहे. बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा युरोपात अपभ्रंश झाला आणि त्यातूनच हा शब्द आणि आपला रोजचा 'अल्गोरिदम' असे दोन्ही आले. म्हणजे हा आमचाच व्यवसायबंधू आहे. त्याची फसवणुकीची पद्धत तर आम्हाला फारच परिचित निघाली. आधी तो दोन दिवस खोलीत कोंडून घेऊन गूढ वातावरण निर्माण करतो. मग गुप्ततेची शपथ घालतो. त्यानंतर तपशिलांचा मारा करतो : वार कोणता, रात्रीचा प्रहर कोणता, पिंपे किती, शिधा किती, छपराला भोक कुठे पाडायचे. ज्या माणसाला मूळ गणित तपासता येत नाही त्याला तपशीलच पुरावा वाटतो. परिषदांमध्ये पडद्यावर आकृत्या दाखवून आम्हीही ग्राहकांना असेच पटवीत आलो आहोत. फरक एवढाच की आमचा प्रलय बहुधा मार्च महिन्याच्या अखेरीस येतो.

आता सुतार. कथा सांगणारा चक्कीवाला त्याला सुरुवातीपासून मूर्ख ठरवतो. त्याची बुद्धी ओबडधोबड. शाळेतील पोरे जे कॅटोच्या नावावरचे पाठ्यपुस्तक वाचतात तेही त्याला ठाऊक नाही. नोहा आणि नाताळ यांच्या नावांत तो गोंधळ करतो. हे सारे हसण्यासाठी आहे. पण त्याची प्रत्यक्ष कृती पाहा. निकोलस दोन दिवस खोलीबाहेर आला नाही म्हणून सर्वांत आधी काळजी कुणाला वाटते? या सुताराला. पोरगा मेला तर नाही ना, म्हणून तो गड्याला वर पाठवतो. गडी मांजरासाठी ठेवलेल्या भोकातून डोकावतो. अखेर दार उखडून दोघे आत जातात. आ वासून वर पाहत बसलेल्या निकोलसला सुतार खांदे धरून हलवतो, देवाचे नाव घ्यायला सांगतो, घराच्या चारी कोपऱ्यांना उभा राहून भूतबाधा टळावी म्हणून मंत्र पुटपुटतो. आपल्याला या मंत्राचे हसू येईल. तरी भाडेकरूच्या जिवासाठी घरमालकाने एवढे करणे आजच्या लंडनमध्ये तरी आमच्या ऐकिवात नाही.

मग निकोलस प्रलयाची बातमी सांगतो. सारे जग तासाभरात बुडणार हे ऐकताच सुताराच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो बायकोविषयी : माझी ॲलिसन बुडणार काय? स्वतःचा जीव, घर, पैसा, यांपैकी काहीही त्याला आधी आठवत नाही. तो थरथरतो, रडतो. ती पाण्यात गटांगळ्या खात आहे असे त्याला समोर दिसू लागते. याच धर्तीची एक जुनी डच कथा आहे. तीत आढ्याला टांगलेल्या कुंडात बसतो तो वेश्येकडे आलेला एक गिऱ्हाईक. तेथे प्रेमाचा प्रश्नच नाही, म्हणून तेथील हसू स्वच्छ आहे. चॉसरने त्या जागी बायकोवर जीव टाकणारा कारागीर बसवला आणि हसण्यात कायमचा एक खडा टाकून ठेवला.

आणखी एक गोष्ट आम्हाला तिसऱ्या वाचनात दिसली. आढ्यापर्यंत चढण्यासाठी लागणाऱ्या तीन शिड्या सुतार स्वतःच्या हाताने तयार करतो. पिंपे मिळवतो, गुपचूप घरी आणतो, तुळयांना टांगतो, त्यांत भाकरी, चीज आणि बिअर भरतो. निकोलसच्या कल्पनेला देह देणारे सारे कसब सुताराचे आहे. विद्वानाच्या हातून एक खिळाही ठोकला गेला नसता. दिवसभराच्या या राबण्याने सुतार इतका थकतो की पिंपात बसल्या बसल्या त्याला गाढ झोप लागते, आणि नेमकी ती झोपच निकोलसला हवी असते. श्रमाचा असा दुहेरी उपयोग करून घेणारी दुसरी विनोदी कथा आम्हाला माहीत नाही.

आता प्रश्न उरतो की सुताराने विश्वास ठेवलाच कसा. बायबलमधील नोहाच्या कथेच्या शेवटी ईश्वर वचन देतो की पुन्हा असा प्रलय पाठवणार नाही. एवढे एक वाक्य सुताराने वाचलेले असते तर निकोलसचा डाव त्याच क्षणी उधळला असता. पण बायबल लॅटिनमध्ये होते आणि लॅटिन क्लार्क मंडळींकडे. सुताराने नोहा पाहिला तो रस्त्यावरील नाटकांतून. तेथे नोहाची भांडकुदळ बायको नावेत चढायला तयार होत नाही, ती गंमत त्याला ठाऊक आहे, आणि निकोलस नेमक्या तेवढ्याच ज्ञानाचा उपयोग करतो. याच काळात ऑक्सफर्डचे विद्वान जॉन विक्लिफ यांचे अनुयायी बायबल इंग्रजीत आणत होते. पुढे 1409 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपने परवानगीवाचून असे भाषांतर करण्यावर आणि वाचण्यावर बंदी घातली. ग्रंथ बंद ठेवायचा आणि न वाचणाऱ्याला अडाणी म्हणून हसायचे, ही व्यवस्था कुठल्या एका देशाची नाही.

येथे आम्हाला महात्मा जोतीराव फुल्यांचे 'तृतीय रत्न' आठवले. 1855 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जोतीरावांनी हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. छापून वाचकांसमोर यायला त्याला 1979 साल उजाडावे लागले. त्याचे कथानक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. कुणब्याची बायको गरोदर आहे. जोशी दारात येतो, ग्रहांची गणिते मांडतो आणि पोटातील बाळावर संकट असल्याचे सांगून त्या भोळ्या जोडप्याला अनुष्ठाने, दाने आणि ब्राह्मणभोजने यांच्या खर्चात बुडवतो. ऑक्सफर्डचा निकोलस आणि पुण्याकडचा जोशी यांच्यात साडेचारशे वर्षे आणि हजारो कोसांचे अंतर आहे, पण हत्यार तेच : आकाशातील ग्रह, समजणार नाही अशी भाषा आणि समोरच्याचे आपल्या माणसावरील प्रेम. कुणबी पोटच्या गोळ्यासाठी फसतो, सुतार बायकोसाठी. ज्याचे कुणावर प्रेम नाही त्याला असल्या भीतीने फसवता येत नाही.

जोतीरावांनी मात्र एक वेगळी गोष्ट केली. त्यांनी रंगमंचावर विदूषक उभा केला. संस्कृत नाटकातील विदूषक बहुधा खादाड ब्राह्मण असतो आणि नायकाची करमणूक करतो. जोतीरावांचा विदूषक जोशाचे कपट प्रेक्षकांना उघड करून सांगतो. हसू कुणब्याकडून उचलून जोशाकडे वळवतो. शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेत शिकायला जाण्याचा निश्चय करते. आणि त्याच वर्षी, 1855 मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंनी श्रमकऱ्यांसाठी रात्रीची शाळा खरोखरच सुरू केली होती. चॉसरच्या कथेत असा विदूषक नाही. सुताराच्या बाजूने बोलणारे कुणीच नाही.

तो खाली कोसळल्यावर काय होते ते पाहण्यासारखे आहे. सुतार घडलेली हकीकत सांगू लागतो. निकोलस आणि ॲलिसन गावाला सांगतात की याला वेड लागले आहे, प्रलयाचे खूळ याच्याच डोक्यातील. आरंभी निकोलसने धमकी दिली होती की हे गुपित फोडलेस तर तू वेडा होशील. ती भविष्यवाणी आता तो स्वतःच खरी करून दाखवतो. गावातील सारे विद्यार्थी एकमेकांचीच री ओढतात. सुताराचे म्हणणे कुणी ऐकत नाही. त्याच्या शपथा हवेत विरतात.

त्या काळच्या ऑक्सफर्डकराला हा निव्वळ विनोद वाटला नसावा. 10 फेब्रुवारी 1355 रोजी एका दारूच्या गुत्त्यातील वादावरून ऑक्सफर्डचे नागरिक आणि विद्यापीठ यांच्यात भीषण दंगल झाली, दोन्हीकडची माणसे मेली. राजाने निकाल विद्यापीठाच्या बाजूने दिला. शहराच्या महापौराने नागरिकांसह दर वर्षी चर्चमध्ये जाऊन दंड भरून प्रायश्चित्त घ्यावे असे ठरले, आणि ती प्रथा 1825 पर्यंत चालली. मोडलेल्या हाताच्या सुतारावर विद्यार्थ्यांचे झुंड हसते, त्या हसण्यामागे हा निकाल उभा आहे.

या काळाची आणखी एक कहाणी आहे. सेंट ऑल्बन्सच्या मठाचा नियम असा की कुळांनी दळण मठाच्याच चक्कीवर दळावे आणि त्याचे मोल द्यावे. लोक घरी जात्यावर दळू लागले तेव्हा मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड याने जाती जप्त केली आणि आपल्या बैठकीच्या खोलीत त्या दगडांची फरशी करवली. हा रिचर्ड त्या युगातील नामांकित खगोलज्ञ. त्याने ग्रहांची गती दाखवणारे अजब घड्याळ तयार केले होते. पुढे जून 1381 मध्ये इंग्लंडातील शेतकरी-कारागीर पोल टॅक्सविरुद्ध उठले, तेव्हा सेंट ऑल्बन्सच्या लोकांनी ती फरशी उखडली आणि जात्यांचे तुकडे प्रसादासारखे वाटून घेतले. त्याच उठावात एसेक्सचे बंडखोर लंडनमध्ये शिरले ते आल्डगेट वेशीतून. त्या वेशीवरील घर तेव्हा चॉसरकडे भाडेपट्ट्याने होते. त्याने आपल्या ग्रंथात या उठावाचा उल्लेख एका ओझरत्या थट्टेपुरताच केला आहे.

दारू व्यापाऱ्याचा मुलगा, बंदरावरील जकात अधिकारी आणि दरबारी माणूस असलेल्या चॉसरकडून याहून अधिक अपेक्षा करावी काय, हा प्रश्न रास्त आहे. आणि इंग्लंडातील ही उतरंड म्हणजे आपली जात नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. याच चॉसरची नात पुढे सफकची डचेस झाली. जातीच्या जिन्याला अशा पायऱ्या नसतात. तथापि खालच्यांनी एकमेकांना हसण्याचा प्रकार दोन्हीकडे सारखा आहे. चक्कीवाल्याने सुतारावर गोष्ट रचली म्हणून यात्रेतील कारभारी, जो मूळचा सुतार आहे, चिडतो आणि पुढची गोष्ट केंब्रिजजवळच्या एका चोरट्या चक्कीवाल्यावर सांगतो. पहिल्या गोष्टीत जिंकतो ऑक्सफर्डचा विद्यार्थी, दुसरीत केंब्रिजचे दोन विद्यार्थी. चक्कीवाला आणि सुतार यांनी एकमेकांची अब्रू काढली आणि दोन्ही वेळा डाव विद्यापीठाने मारला. बाबासाहेबांनी 1936 मध्ये जात ही श्रमिकांचीच विभागणी असल्याचे दाखवून दिले. ते वाचलेल्याला या जोडकथेचा अर्थ कुणी समजावण्याची गरज पडत नाही.

आणि तरीही चॉसरला आम्ही पूर्णपणे निकोलसच्या पंक्तीला बसवू शकत नाही. 1391 च्या सुमारास त्याने त्याच ॲस्ट्रोलेब यंत्रावर एक पुस्तिका लिहिली. लुईस नावाच्या आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी, आणि मुद्दाम इंग्रजीत, कारण मुलाला लॅटिन फारसे येत नव्हते. ज्या यंत्राच्या धाकाने निकोलस सुताराला फसवतो, ते यंत्र चॉसर एका पोराच्या हातात देतो आणि ते कसे चालते ते साध्या भाषेत सांगतो.

आता एक कबुली द्यावयाची आहे. ती टाळून हा लेख पूर्ण करता आला असता.

आमचे एक मामा अकोल्याकडे राहतात. आयुष्यभर गवंडीकाम केले. ओळंबा न लावता भिंत तिरपी आहे की सरळ ते नुसत्या नजरेने सांगतात. आमच्या शिक्षणाच्या काळात त्यांनी किती वेळा हात दिला याचा हिशेब आम्ही कधी ठेवला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना एक फोन आला. बोलणारा शुद्ध हिंदीत आणि मध्ये मध्ये इंग्रजीत बोलत होता. तुमचा भाचा लंडनमध्ये पोलिसांच्या ताब्यात आहे, सोडवण्यासाठी तासाभरात पैसे भरावे लागतील, कुणाला सांगितले तर त्याच्या जिवावर बेतेल. मामांनी घरातील होते नव्हते ते पैसे पाठवले. आम्ही त्या वेळी कार्यालयात बसून चहा पीत होतो.

ही हकीकत आम्ही पुढे कित्येक बैठकांत विनोद म्हणून सांगितली. मामांचा आवाज काढून, त्यांचे इंग्रजी शब्दांचे उच्चार वठवून. लोक हसत असत. फोनवरील माणसाचे उच्चार मात्र आम्ही कधीच वठवले नाहीत. त्या रविवारी मुलीने प्रश्न विचारला तेव्हा आम्हाला प्रथम जाणवले की या कथेत आम्ही कुठल्या खोलीत राहतो.

गेल्या महिन्यात मामांना फोन करून सुताराची गोष्ट सांगितली, खिडकीचा प्रसंग वगळून. ते मध्ये एकदाही हसले नाहीत. शिड्या त्याने स्वतः केल्या हे ऐकून म्हणाले, "मंग कारागीर पक्का होता." शेवट ऐकल्यावर थोडा वेळ गप्प राहिले.

"मंग हात जुळला का नाही त्याचा?" त्यांनी विचारले. "सुताराचा हात व्हय तो, बाबू. उजवा होता का डावा?"

आम्ही पुस्तक पुन्हा उघडून पाहिले. चॉसरने ते लिहिलेले नाही.